शेजाऱ्याची घरपट्टी

घरपट्टी विभागात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते हरकतीच्या अर्जाला टाचणी लावून आपोआप टेबलावर येतात. मी क्लार्क म्हणून चिकटलो ते बहात्तरच्या दुष्काळाच्या मागोमाग, आणि पुढची कितीतरी वर्षं लोकांची घरं टेपनं मोजत हिंडलो. गावाचं नाव सांगत नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. ज्यांच्या गोष्टी सांगतोय ती माणसं अजून आहेत, आणि त्यांचे शेजारी तर आहेतच आहेत!

घरांची आकारणी झाली की आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात यादी लागायची. नाव, घर नंबर, आणि पुढं घराची वर्षाची किंमत. माणूस यायचा स्वतःचं नाव शोधायला, आणि वाचत बसायचा शेजाऱ्याचं. एकानं तर मला खिडकीतून सरळ विचारलं, "गायकवाड, माझी किती लागली ते ऱ्हाऊ द्या. त्या शिंप्याला किती लावली तेवढं सांगा!"

*

आमचे इन्स्पेक्टर काझी साहेब. निजामाच्या काळात शाळा शिकलेले, मराठी आमच्याहून स्वच्छ, पण राग आला की दखनीत शिरायचे. आकारणी कशी होते हे समजावून सांगायची त्यांना भारी हौस. एकदा सोनाबाई म्हणून एक म्हातारी नोटीस घेऊन आली. तिच्या दोन खोल्या, वर मातीचं माळवद.

"साहेब, ह्यात भाडं ल्हिलंय. माझ्या घरात कुणी भाडेकरू न्हाय. म्या आन माझी शेळी!"

काझी साहेबांनी चष्मा वर केला. "मावशी, बघा. समजा तुम्ही हे घर भाड्यानं दिलं. महिन्याला काय येईल?"

"म्या कशाला देऊ?"

"देऊ नका. पण समजा. गल्लीत तसल्या घराला पाच रुपये येतात. मग तुमचेही पाच धरायचे. बारा महिन्यांचे साठ. त्यातला दहावा हिस्सा डागडुजीला सोडायचा. राहिले चौपन्न. ही तुमच्या घराची वर्षाची किंमत. पट्टी या चौपन्नावर बसते, सगळ्या घरावर नाही. आलं ध्यानात?"

"म्हंजे भाडेकरू समजायचा."

"बराबर!"

"त्यानं भाडं दिलं, हे बी समजायचं."

"बिलकुल!"

म्हातारीनं नोटिशीची घडी घातली आणि कनवटीला लावली. "मग त्यो समजलेला भाडेकरू यील तवा त्याच्याकडनंच घ्या पट्टी!"

आणि गेली की हो! काझी साहेब दारापर्यंत तिच्या मागं गेले आणि हसत परत आले. त्या दिवसापासून आमच्या विभागाला सगळं ऑफिस ‘समजा खातं’ म्हणायला लागलं.

*

उत्तमराव आणि दत्तोबा हे सख्खे भाऊ. बापाचं घर मधोमध भिंत घालून वाटून घेतलेलं. खोल्या सारख्या, माप सारखं. पण थोरल्याचा भाग रस्त्याकडं, धाकट्याचा मागच्या बोळात. बोळातल्या घराला भाडं कमी येतं, म्हणून मी दत्तोबांची आकारणी बारा रुपयांनी कमी धरली होती. मनात म्हटलं, खूश होईल बिचारा.

आठव्या दिवशी दत्तोबा तणतणत हजर. हातात हरकतीचा छापील अर्ज. त्यावर छापलेलं होतं, ‘आकारणी कमी करण्यात यावी’. दत्तोबांनी ‘कमी’ खोडून वर ‘वाढ’ लिहिलं होतं!

मला वाटलं, चुकलं यांचं. म्हटलं, "दत्तोबा, वाढ न्हाई हो, कमी."

"वाढच! वाचता येतं मला!"

काझी साहेब म्हणाले, "अहो, इतक्या वर्षांत असला अर्ज पाहिला नाही. झालं काय?"

मग कळलं. दत्तोबांच्या मुलीला कळंबचे पाहुणे बघायला आले होते. पाहुणे हुशार! एस्टीतून उतरले ते आधी आमच्या व्हरांड्यात आले, यादी वाचली, आणि मग मुलीच्या घरी गेले. चहा पिता पिता म्हणाले, "तुमचं घर थोरल्या भावापेक्षा हलकं दिसतंय यादीत."

"भर बैठकीत, साहेब! आन वयनी पडद्याआड उभी राहून ऐकत हुती! हसली असंल न्हाय का?"

काझी साहेबांनी समजावलं की वाढ झाली तर पट्टीही वाढेल, ती दरवर्षी भरावी लागेल. दत्तोबा म्हणाले, "भरतो. पर बरोबरीला आणा."

नियमात वाढ मागायला बंदी नव्हती. आम्ही पुन्हा पाहणी केली, बोळात सायकल जाते तशी बैलगाडीही जाते असं लिहिलं, आणि बारा रुपये वाढवून दिले. दुरुस्त यादी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आत पायरीवर उत्तमराव बसलेले.

"साहेब, माझी दोन रुपयांनी वर न्या."

"का?"

"का म्हंजे? थोरला हाय म्या!"

*

दूध सोसायटीचे चेअरमन तात्या. सोसायटी जोरात चालली तशी तात्यांनी जुन्या घरावर माडी चढवली. खाली दगडी, वर विटांची, रुंद जिना, हिरवा रंग. सगळ्या पेठेच्या डोळ्यांत ती हिरवी माडी खुपायची. माझ्याही! आम्ही मोजणीला पेठेत शिरलो की प्रत्येक दारातून एकच सूचना यायची, "तात्याची माडी सोडू नका बरं का!"

आम्ही पोचलो, तर तात्या स्वतः हात जोडून उभे. "या, बघा सगळं. वर काही न्हाय पर. वर गोठा हाय."

"वर? गोठा?"

गुरं बांधायच्या जागेला आकारणी अगदी नावाला असते, हे तात्यांना कुणीतरी सांगितलेलं. आम्ही जिना चढून गेलो. बघतो तर नव्याकोऱ्या खोलीत कडबा पसरलेला, कोपऱ्यात घमेलं, आणि मधोमध एक धष्टपुष्ट वगार रवंथ करत उभी! म्हशीचं ते तरणं जनावर आमच्याकडं असं बघत होतं, की जणू आम्हीच चुकून गोठ्यात आलोय.

काझी साहेबांनी खोलीचं माप घेतलं. वगारीला वळसा घालून घ्यावं लागलं. मग गंभीरपणे लिहिलं, ‘पहिला मजला, गोठा, जनावर एक’. तात्यांची सही घेतली. मी जळफळत खाली उतरलो. म्हटलं, "साहेब, हे डोळ्यांदेखत फसवणं आहे!"

"गायकवाड, जनावर जिना चढतं. उतरतं का, ते आता बघायचं."

मला आधी कळलं नाही. चौथ्या दिवशी तात्या ऑफिसात आले ते ओशाळून. वगार खाली उतरेना! पुढून ओढली, मागून ढकलली, गूळ दाखवला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर यायची, खाली बघायची आणि मागं सरायची. वरून शेण-मूत खाली बैठकीत ठिबकत होतं. तात्यांच्या मंडळींनी स्वयंपाक बंद केला होता. आणि पेठेतले सगळे शेजारी खाली रस्त्यावर उभे राहून आनंदानं सल्ले देत होते.

"साहेब, खोली ल्हिवा. हॉल ल्हिवा! काय बी लावा. पर तुमच्याकडं कुणी माणूस असंल तर म्हैस उतरवून द्या!"

शेवटी जिन्यावर कडब्याच्या पेंढ्या रचून उतरण केली आणि आठ माणसांनी तिला खाली आणली. नवी नोंद तात्यांनी सांगितली तशीच झाली.

हॉल!

*

हा पुढचा किस्सा हसण्याचा आहे का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या गावात एक गुरुजी होते. गणिताचे. हिशेबाला पक्के, शब्दाला पक्के. त्यांनी हरकत घेतली. सुनावणीला काझी साहेबांनी विचारलं, "गुरुजी, तुमची आकारणी कुठं चुकली?"

"माझी बरोबर आहे. मी मोजून पाहिली. शेजारच्या अंबादासची चुकली आहे. त्याची माझ्या निम्मी आहे."

"मग यात तुमचं नुकसान काय?"

"झोपेचं!" गुरुजी म्हणाले.

आम्ही हसलो, गुरुजी हसले नाहीत. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. अंबादासचं घर दर्शनी भागात गुरुजींच्या घरापेक्षा थोराड. घडीव दगडाची भिंत, नक्षीचं सागवानी दार, दोन्ही बाजूंना देवळ्या. गुरुजी म्हणाले, "रोज सकाळी त्या दारासमोरून शाळेत जातो. रोज वाटतं, हा माणूस माझ्या निम्मी पट्टी भरतो. पुढचा सगळा दिवस त्यातच जातो."

त्या घराची मोजणी माझ्या आधीच्या क्लार्कनं केलेली. म्हणून काझी साहेब, मी आणि गुरुजी असे तिघं समक्ष पाहणीला गेलो. अंबादासनं दार उघडलं, तोंडावर काही भाव नाही. "या" म्हणाला आणि बाजूला झाला.

दारातून आत पाऊल टाकलं आणि वर आभाळ!

पुढची एक ओसरी सोडली तर आत छतच नव्हतं. भिंती उभ्या होत्या, भिंतींत तुळयांची भोकं होती, तुळया नव्हत्या. माळवदावरून खाली पडलेल्या पांढऱ्या मातीवर गवत आलेलं. मागं एका कोपऱ्यात पत्रा टाकून तीन दगडांची चूल मांडलेली. अंबादासची बायको आम्हाला बघून उठून उभी राहिली आणि तिनं पदर सारखा केला.

अंबादास म्हणाला, "दुष्काळात इकल्या तुळया. सागवान हुतं, लगीच गिऱ्हाईक मिळालं. चार बैल जगवायचे हुते. दोन जगले."

"आणि दार?" गुरुजींनी विचारलं. आवाज निम्म्यावर आलेला.

"दाराला बी गिऱ्हाईक हुतं. पर दार इकलं तर रस्त्यावरनं आत दिसतं, गुरुजी."

मी टेप बाहेर काढलाच नाही. गुरुजींनी तिथंच उभ्याउभ्या कागद मागितला आणि हरकत मागं घेत असल्याचं लिहून दिलं. सही करताना त्यांचा हात थांबला. म्हणाले, "काझी साहेब, याची निम्मी कशी? याची तर काहीच लागायला नको!"

मग आणखी एक अर्ज झाला. छत नसलेल्या भागाला आकारणी नको असा. अर्ज अंबादासचा, अक्षर गुरुजींचं. तो मंजूर झाला.

*

दुसऱ्यांचं इतकं सांगितलं, आता माझं सांगतो. नाही सांगितलं तर ते बरं दिसणार नाही.

वाघमारे आणि मी एका वसतिगृहात शिकलो, एकाच दिवशी नोकरीला लागलो. त्याचं टेबल जन्ममृत्यू नोंदणीत, माझं घरपट्टीत. विहाराच्या मागं आमची पत्र्याची घरं शेजारीशेजारी. मग मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी निघाली. वाघमारेनं फॉर्म आणला, माझ्यासाठीही एक आणला. मी म्हटलं, "सोसायट्या बुडतात. कर्जाचं लोढणं मी गळ्यात घेणार न्हाई." फॉर्म तसाच कपाटात पडून राहिला.

सोसायटी बुडली नाही! दोन वर्षांत वाघमारेच्या नव्या घराला स्लॅब झाला.

ते नवं घर बघून आल्यावर माझी बायको शांता दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांच्याकडं उभ्यानं सैपाक करतेत."

"म्हणजे?"

"कडाप्प्याचा ओटा हाय. कमरंइतका. बसाउठायचं कामच न्हाय." एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की पीठ माझ्या शर्टावर उडालं.

आणि नवीन घराच्या मोजणीला माझंच नाव निघालं.

मी गेलो. वाघमारेच्या बायकोनं कपबशीत चहा दिला, तो मी उभ्यानं प्यालो. मग टेप काढला. उभ्या नोकरीत मी इतकी चोख मोजणी कधी केली नव्हती! भिंतीची जाडी मोजली. खिडक्या मोजल्या. जिन्याखालचा कोनाडा मोजला. फरशीला ‘उत्तम’, हवेला ‘उत्तम’, उजेडाला ‘उत्तम’. ओट्यापुढं गेलो तेव्हा ‘उत्तम’ दोनदा गिरवलं. महिन्याचं भाडं किती येईल? त्या भागात चाळीस चालायचं. मी साठ लिहिलं.

घरी येताना वाटलं, गायकवाड, तू काय केलंस? घरी आल्यावर शांतानं विचारलं, "किती लावलं?" मी सांगितलं. ती पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली. आणि मला तिच्या हसण्याची भीती वाटली.

नोटीस गेली. मी वाट बघत बसलो, की वाघमारे येईल, भांडेल, हरकत घेईल, आणि मी माफी मागून चाळीस करून देईन. महिन्याची मुदत. तो रोज दिसायचा, ‘जय भीम’ करायचा, आणि आपल्या टेबलाकडं जायचा. शेवटच्या दिवशी मीच त्याच्याकडं गेलो. "वाघमारे, हरकत घेतली न्हाईस?"

"कसली हरकत?" तो मनापासून हसला. "अरे, नोटीस बापाला वाचून दाखवली. म्हटलं, आपल्या घराला सगळ्या कॉलनीत जास्त किंमत, आणि ती आपल्या गायकवाडनं स्वतः लिहिलीय! म्हातारा रडला रे. त्याच्या जन्मात त्याच्या कुठल्याच गोष्टीपुढं कुणी ‘उत्तम’ लिहिलं नव्हतं. काच लावून भिंतीवर टांगलीय!"

मी दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच मोजणीवर फेरतपासणीची टिपणी टाकली. साठाचे चाळीस करून घेतले. वाघमारेला सुधारित नोटीस गेली.

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही!

*

आता एवढा एकच.

काझी साहेबांच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं. एके सकाळी टपालात निनावी अर्ज आला. निनावी अर्जांचं आम्हाला कौतुक नव्हतं. अमक्यानं खोली लपवली, तमक्याची कमी आहे, असले अर्ज पोत्यानं यायचे. पण हा वाचला आणि मी उठून उभा राहिलो. लिहिलं होतं:

‘इन्स्पेक्टर काझी यांच्या घराची आकारणी फार जास्त आहे. घर तेवढ्या किमतीचं राहिलेलं नाही. तरी साहेबांनी एक वेळ स्वतः येऊन घर समक्ष पाहावं, ही विनंती. एक नागरिक.’

शेजाऱ्याची पट्टी कमी आहे म्हणून जळणारी माणसं मी शेकड्यांनी पाहिली होती. दुसऱ्याची जास्त आहे म्हणून कळवळणारा हा पहिलाच! अर्ज साहेबांपुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"गायकवाड, ये कौन हमदर्द निकला बा?"

अर्ज आला म्हणजे पाहणी आली. साहेबांचं घर, म्हणून टेप माझ्या हातात, आणि साहेब बरोबर. अकराच्या सुमाराला आम्ही त्यांच्या दारात पोचलो. साहेब नेहमीसारखे सरळ आत जायला निघाले, तर त्यांच्या बेगम, आमच्या भाभी, दारात आल्या.

"या साहेब," त्या म्हणाल्या. मला नाही, त्यांना! "बसा. गावात इतकी कामं, तरी आमच्या गरिबाघरी आलात, मेहरबानी."

ओसरीत दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या. तांब्याभांडं भरलेलं. साहेब गोंधळून खुर्चीच्या कडेवर बसले.

"भाभी, तुम्हाला माहीत होतं आम्ही येणार ते?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "साहेब, सगळं गाव म्हणतं, तुम्हाला घराघरातला खिळा न् खिळा पाठ आहे. तात्यांच्या जिन्याला पायऱ्या किती?"

"सतरा," साहेब बोलून गेले.

"डॉक्टरांच्या घराला खिडक्या?"

"नऊ. दोन रंगीत काचेच्या."

"या घरात चुलीच्या खोलीला झरोके किती?"

साहेब बोटांवर मोजायला लागले.

"दोन," ते म्हणाले.

"एक. दुसरा ढासळून सात वर्षं झाली. मी मातीनं बुजवला."

साहेब उठले. चुलीच्या खोलीत गेले. आम्ही दोघं बाहेर उभे. मग त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "टेप इधर दो. तुम्ही ऑफिसला जा."

"साहेब, आणि तो अर्ज? नंबर घालून फाईलला लावू ना?"

त्यांनी अर्ज माझ्या हातातून घेतला, नीट चौकोनी घडी घातली आणि शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला.

त्या दिवशी ते ऑफिसला परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा नखांत चिखल होता. रजिस्टर ओढून घेतलं आणि दोन्ही दिवसांपुढं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं,

‘स्थळपाहणी. काम अपूर्ण.’